प्रवाळांचें घर आणि चुन्याचा हिशेब

घर केवढें आहे यावरून धान्याची साठवण कोणी ठरवीत नाहीं. पंक्तीला पानें किती मांडतात यावरून ती ठरते. दहा खणांच्या वाड्यांत दोनच वृद्ध माणसें राहात असतील तर अर्धें पोतें गहूं त्यांस सहा महिने पुरतो. आणि तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत वाढत्या वयाचीं चार मुलें असतील तर तेंच अर्धें पोतें महिन्याभरांत संपतें. ही गोष्ट आमच्या घरांतील कोणत्याहि गृहिणीस शिकवावी लागत नाहीं. परंतु नेमका हाच साधा विचार यंत्रें विकत घेतांना भलेभले सुशिक्षित लोक विसरतात, आणि मग पैसा तर जातोच, पण कित्येकदां पैशापेक्षांहि मोलाची वस्तु हातची जाते. गतवर्षीं जर्मनींत आमच्या पुतण्याच्या घरीं आम्हीं जें पाहिलें व ऐकिलें, त्यावरून हें तत्त्व आमच्या मनावर चांगलेंच बिंबलें. विषय कांहींसा अपरिचित आहे. तथापि ज्यांचे मुलगे, मुली, भाचे, पुतणे आज परदेशीं स्थायिक झाले आहेत अशीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नाहींत, आणि हा छंद तिकडे पुष्कळांस जडतो. म्हणून तो येथें सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

आमचा पुतण्या ऱ्हाइन नदीच्या कांठीं वसलेल्या ड्युसेलडॉर्फ शहरांत नोकरीनिमित्त कित्येक वर्षें राहात आहे. आमच्या वहिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, वर्षांतून कांहीं महिने त्याच्याकडे जाऊन राहतात. गेल्या वेळीं त्यांच्या सोबतीस म्हणून आम्हीहि गेलों होतों. त्याच्या दिवाणखान्यांत शिरतांच दृष्टि खिळते ती सुमारें दीड मीटर लांबीच्या एका काचेच्या टांकीवर. तींतील पाणी समुद्राप्रमाणें खारें आहे. मासे मोजकेच, खरें वैभव आहे तें जिवंत प्रवाळांचें. कोठें सांबराच्या शिंगांसारख्या फुटलेल्या निळसर फांद्या, कोठें मेंदूच्या घड्यांसारखे हिरवे गोळे, तर कोठें प्रकाश मंदावतांच मिटणारीं असंख्य इवलालीं तोंडें!

पोंवळें म्हटलें कीं आपणांस अंगठींतला तांबडा खडा आठवतो. तो भूमध्य समुद्रांत वाढणाऱ्या एका निराळ्या जातीच्या प्राण्याचा सांगाडा होय. आम्ही ज्यांविषयीं सांगत आहों ते प्रवाळ उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत प्रचंड खडक उभारणारे आहेत. सूक्ष्म जीवांची ही वसाहत पाण्यांत विरलेलें कॅल्शियम व बायकार्बोनेट शोषून घेते आणि त्यांतून चुनखडीचा सांगाडा रात्रंदिवस रचीत राहते. समुद्र अफाट, त्याच्या भांडारांतून कितीहि चुना उचलला तरी तें रितें होत नाहीं. पण काचेच्या टांकींतलें पाणी तें किती? तेथें प्रवाळ जितकें खातील तितकें रोज कोणी तरी परत घातलेंच पाहिजे. हें परत घालण्याचें एक साधन म्हणजे कॅल्शियम रिॲक्टर, आणि आजचा विषय तोच.

निवळीचा जुना प्रयोग

ज्यांनीं शाळेंत रसायनशास्त्र शिकलें असेल त्यांस चुन्याच्या निवळीचा प्रयोग आठवेल. निवळींत नळीनें फुंकर घालीत गेलें म्हणजे ती दुधासारखी पांढरी होते. कारण श्वासांतील कार्बन डायऑक्साइड वायु व चुना यांच्या संयोगानें चुनखडीचे बारीक कण तयार होतात. एवढें सर्वांच्या लक्षांत राहतें. पण मास्तर चिकाटीचे असले तर ते मुलास तशीच फुंकर घालीत राहावयास सांगत, आणि थोड्या वेळानें तें दूध पुन्हा निवळूं लागे. अधिक झालेला वायु पाण्यास आंबट करतो आणि त्या आंबट पाण्यांत चुनखडी पुन्हा विरघळते. रिॲक्टर म्हणजे या प्रयोगाचा हा उत्तरार्धच होय.

एका उभ्या बंद नळकांड्यांत प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचे खडे भरलेले असतात. टांकींतील पाणी त्यांत थेंबाथेंबानें येतें; सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइड त्यांत बुडबुड्यांच्या रूपानें सोडला जातो; एक लहान पंप तें पाणी खड्यांतून सतत फिरवीत असतो. टांकीच्या पाण्याचा पीएच सुमारें ८.१ असतो, तो नळकांड्यांत ६.५ ते ६.८ पर्यंत उतरतो आणि खडे हळूहळू विरघळतात. अशा रीतीनें कॅल्शियम व बायकार्बोनेट यांनीं संपन्न झालेलें पाणी दुसऱ्या नळींतून टांकींत परत जातें. मेलेल्या प्रवाळाचें हाड विरघळवून जिवंत प्रवाळाचें हाड वाढवावयाचें, असा हा व्यवहार आहे. सांगाड्यांत जीं द्रव्यें ज्या प्रमाणांत असतात त्याच प्रमाणांत तीं पाण्यांत परत येतात, हा त्याचा मोठा गुण.

हें यंत्र प्रचारांत आणणाऱ्यांत खुद्द ड्युसेलडॉर्फ येथील ल्योब्बेके संग्रहालय व मत्स्यालय या संस्थेंतील रोल्फ हेबिंगहाउस यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें. १९९० नंतरच्या दशकांत तें छंदिष्टांच्या घरांत पोहोंचलें. ज्या टेओडोर ल्योब्बेके यांच्या नांवानें ही संस्था ओळखली जाते ते एकोणिसाव्या शतकांतील औषधविक्रेते असून शंखशिंपल्यांचे मोठे संग्राहक होते. शंख काय, शिंपला काय आणि प्रवाळ काय, सर्व चुनखडीचेच! पुतण्या आम्हांस तेथें घेऊन गेला तेव्हां हा योगायोग पाहून आम्हांस मोठी गंमत वाटली.

झालेली हानि

आतां पुतण्याची कथा सांगतों. टांकी मांडून वर्षभर झालें होतें. प्रवाळांचीं सातआठ लहान कलमें त्यानें तेथील मित्रांकडून मिळविलीं होतीं. कारण प्रवाळाची फांदी तोडून दुसऱ्या खडकावर चिकटविली म्हणजे ती गुलाबाच्या कलमाप्रमाणें जीव धरते. पुढें एका दुकानांत त्यानें रिॲक्टर पाहिला. "हजार लिटरपर्यंतच्या टांकीस उपयुक्त" असें त्यावर लिहिलें होतें. याची टांकी चारशें लिटरांची. "मोठें घेतलें तर वाया थोडेंच जातें," असें दुकानदार म्हणाला, आणि यानेंहि तें मानलें.

"काका, मी टांकी मोजली, पण टांकींतल्यांची भूक मोजली नाहीं," असें तो आम्हांस म्हणाला, आणि साऱ्या प्रकरणाचें सार त्या एका वाक्यांत आहे. त्याच्या इवल्या कलमांस रोज लागणारा चुना इतका थोडा होता कीं यंत्रांतून बाहेर पडणारी धार अत्यंत बारीक ठेवावी लागे. बारीक धारेची झडप चुन्याच्या कणांनीं वरचेवर तुंबे; सकाळीं पाहावें तों धार बंद. मग ती थोडी अधिक उघडावी, पुन्हा तुंबावी, पुन्हा उघडावी. असें करतां करतां तीन दिवसांच्या सुटीवर जाण्याच्या दिवशीं त्यानें ती सढळ हातानें उघडली आणि नेमकी त्या वेळीं ती तुंबली नाहीं. परत येऊन पाहतो तों पाण्याची अल्कता आठ अंशांवरून तेरा अंशांवर चढलेली! फांद्यांचीं टोकें पांढरीं पडलीं, आठवड्याभरांत त्यांवरील जिवंत आवरण सुटूं लागलें आणि चार कलमें मेलीं. त्यांतील एक सूनबाईंस त्यांच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेलें होतें. तिचा पांढरा सांगाडा त्यांनीं अजून खिडकींत जपून ठेवला आहे.

येथें यंत्र वाईट नव्हतें, आणि तें मोठें असणें हाहि स्वतः दोष नव्हे. मोठ्या यंत्रास थोडें काम देतां येतें. पण तें थोडें काम मोजून व नियमितपणें देण्याची सोय त्याजवळ पाहिजे, आणि मुळांत काम किती द्यावयाचें हें मालकास ठाऊक पाहिजे. दोहोंपैकीं एकहि गोष्ट येथें नव्हती.

भूक कशी मोजावी

वर अल्कता हा शब्द आला, त्याचा खुलासा करणें अवश्य आहे. पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ति म्हणजे अल्कता. समुद्राच्या पाण्यांत ती मुख्यत्वें बायकार्बोनेटामुळें असते. जर्मन लोक ती अंशांनीं मोजतात. एक लिटर पाण्यांत १० मिलिग्रॅम कळीच्या चुन्याइतकी शक्ति असली म्हणजे ती एक अंश. निसर्गांत समुद्राची अल्कता सुमारें ७ अंश असते, आणि टांकींत ती ७ ते ९ च्या दरम्यान एका ठिकाणीं स्थिर ठेवतात. मोजण्याची साधनपेटी स्वस्त असते: नमुन्याच्या पाण्यांत एकेक थेंब औषध टाकीत जावयाचें आणि रंग पालटेपर्यंत किती लागलें तें पाहावयाचें.

कॅल्शियम न मोजतां अल्कता कां मोजावी, असा प्रश्न कोणी विचारील. समुद्राच्या एका लिटरांत कॅल्शियम सुमारें ४१० ते ४२० मिलिग्रॅम असतें. प्रवाळ एक अंश अल्कता खर्च करतात तेव्हां त्याबरोबर कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमच्या आसपास खर्च होतें. म्हणजे सातहि अंश संपले तरी कॅल्शियम अवघें ५० मिलिग्रॅम उतरेल! घरांत तांदूळ कोठीभर आणि मीठ चिमूटभर असावें, तसा हा प्रकार आहे. आधीं संपणार तें मीठ. म्हणून नजर अल्कतेवर ठेवावी. कॅल्शियम आठवड्यांतून एकदां पाहिलें तरी चालतें.

भूक मोजण्याची रीति अगदीं सोपी आहे. सर्व पूरक द्रव्यें घालणें थांबवावें, अल्कता मोजावी, आणि बरोबर चोवीस तासांनीं त्याच वेळीं पुन्हा मोजावी. जी घट आली ती त्या दिवसाची भूक. घट फारच थोडी असेल तर तीन दिवस थांबून तिचे तीन भाग करावे. पण अल्कता ७ च्या खालीं जाऊं देऊं नये. वेळ तीच पाहिजे याचें कारण असें कीं प्रकाशांत प्रवाळांची वाढ अधिक होते. सकाळचा आंकडा व रात्रीचा आंकडा यांची तुलना करणें व्यर्थ होय. ही मोजणी दोनतीन वेळां करून सरासरी काढावी. पुतण्याच्या टांकीची भूक, कलमें लहान असतांना, रोज ०.४ अंश निघाली. हीच मोजणी त्यानें यंत्र घेण्यापूर्वीं केली असती तर यंत्राची त्यास त्या वेळीं गरजच नव्हती हें त्यास कळून चुकलें असतें.

यंत्र हवें कीं नको

लहान टांकींत, जेथें प्रवाळ थोडे किंवा मऊ जातीचे असतात, तेथें आठवड्यास कांहीं पाणी बदललें तरी पुरतें. त्याच्या पुढची पायरी आपल्या ओळखीची आहे: चुन्याची निवळी. ती मत्स्यालयांत वापरण्याची प्रथा पीटर विल्केन्स यांनीं रूढ केली. टांकींतलें जें पाणी रोज वाफ होऊन उडून जातें, त्याच्या जागीं साधें पाणी न घालतां निवळी हळूहळू ठिबकवावयाची. संपृक्त निवळीची अल्कता सुमारें ११४ अंश भरते. पुतण्याच्या टांकींतून रोज सुमारें ३ लिटर पाणी उडतें. तेव्हां ३ गुणिले ११४ म्हणजे ३४२, आणि त्यास ४०० लिटरांनीं भागलें म्हणजे रोज जवळजवळ ०.८५ अंश भरून येतो. भूक ०.४ असतां निवळीनें काम सुखानें भागलें असतें! निवळीची मर्यादा एवढीच कीं जितकें पाणी उडतें त्याहून अधिक ती घालतां येत नाहीं. शिवाय ती तीव्र क्षारी असल्यामुळें एकदम ओतणें घातक आहे.

तिसरी रीति हान्स-व्हेर्नर बॉलिंग यांच्या नांवानें ओळखली जाते: कॅल्शियमचें एक द्रावण व बायकार्बोनेटाचें दुसरें अशीं दोन द्रावणें लहान पंपांनीं मोजून निरनिराळीं घालावयाचीं. मध्यम भुकेच्या टांकीस ही उत्तम. परंतु भूक वाढत जाते तशी द्रव्यांचा खर्च व द्रावणें करण्याची खटपट वाढते. टांकी मोठी, प्रवाळ कठीण जातीचे व वाढते, आणि निवळी पुरी पडेनाशी झालेली, अशा ठिकाणींच रिॲक्टरचा प्रारंभींचा मोठा खर्च सार्थकीं लागतो.

आकाराचा हिशेब

दोन वर्षांनीं उरलेल्या कलमांचीं झुडपें झालीं, नवीं कलमें आलीं आणि आम्ही गेलों त्या सुमारास टांकीची रोजची भूक १.५ अंशांवर गेली होती. आतां रिॲक्टरची खरी गरज होती. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्यानें कागद पेन्सिल घेऊन जो हिशेब आम्हांस दाखविला तो येथें देतों. तो कोणत्याहि टांकीस लागूं पडेल.

प्रथम पाणी खरोखर किती आहे तें काढावें. काचेच्या मापाप्रमाणें टांकी ४५० लिटरांची भरते. पण खडकांनीं अडविलेली व वरची मोकळी जागा वजा करून आणि खालच्या टांकींतलें पाणी मिळवून शुद्ध पाणी ४०० लिटर निघालें. ४०० गुणिले १.५ म्हणजे ६०० ही रोजची एकूण गरज झाली.

मग यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची अल्कता धरावी. नीट चालणाऱ्या यंत्रांतून २५ अंशांचें पाणी मिळणें सहज शक्य आहे. पण यंत्रांत जें पाणी शिरतें तें आधींच ८ अंशांचें असतें. म्हणून प्रत्येक लिटरामागें निव्वळ कमाई १७ अंशांचीच. ही वजाबाकी पुष्कळ लोक विसरतात. ६०० ला १७ नीं भागलें म्हणजे सुमारें ३५ लिटर. इतकें पाणी रोज यंत्रांतून गेलें पाहिजे. मिनिटास हें प्रमाण २४ ते २५ मिलिलिटर पडतें. भूक ०.४ होती तेव्हां हाच आंकडा मिनिटास अवघा साडेसहा मिलिलिटर होता. झडप वरचेवर कां तुंबत असे हें यावरून ध्यानांत येईल.

आतां खडे किती लागतात तें पाहूं. एक अंश अल्कता म्हणजे लिटरास सुमारें १७.८५ मिलिग्रॅम चुनखडी. त्यास ६०० नीं गुणिलें असतां रोज सुमारें १०.७ ग्रॅम, म्हणजे वर्षास जवळजवळ ४ किलो खडे विरघळतात. एवढी चुनखडी त्या टांकींत वर्षाकाठीं हाडांच्या रूपानें उभी राहते, हें ऐकून वहिनींनीं डोळे विस्फारले. ती विरघळण्यास वायु रोज किमान ४.७ ग्रॅम, म्हणजे वर्षास पावणेदोन किलोच्या आसपास लागतो. कांहीं वायु वाया जातोच, म्हणून प्रत्यक्षांत याहून अधिक धरून चालावें.

नळकांडें केवढें असावें याचा निर्णय यावरून होतो. चार लिटरांच्या नळकांड्यांत साधारण चारपांच किलो खडे मावतात. खड्यांमधील पोकळी निम्म्याच्या आसपास असते, म्हणजे त्यांत सुमारें दोन लिटर पाणी राहील. रोज ३५ लिटर या वेगानें गेलेल्या पाण्यास खड्यांच्या सहवासांत जवळजवळ सवातासाहून अधिक अवधि मिळतो. तो पुरेसा आहे. पुढें भूक दुप्पट झाली आणि धार दुप्पट केली तरी अवधि चाळीस मिनिटांचा राहील, व काम चालेल. म्हणून आजच्या भुकेच्या दुपटीइतकी वाढ सोसणारें यंत्र घ्यावें. चौपट घेण्याचें कारण नाहीं. डब्यावरील लिटरांचा आंकडा वाचावा, पण त्यावर विसंबूं नये. तो आंकडा कोणाच्या भुकेवरून काढला हें डब्यावर लिहिलेलें नसतें.

घेतांना काय पाहावें

पाण्याची धार झडपेनें न राखतां नळी पिळून पाणी पुढें ढकलणाऱ्या पंपानें राखावी. तो महाग पडतो. परंतु मिनिटास इतके मिलिलिटर म्हटलें कीं तितकेच देतो आणि तुंबत नाहीं. यंत्राच्या नळकांड्याच्या किंमतींत थोडी काटकसर करावी, पण या पंपाच्या किंमतींत करूं नये. पुतण्यानें जुनें यंत्र तेंच ठेवून फक्त असा पंप जोडला, आणि त्याच यंत्राचें वर्तन पालटलें.

वायूचा रेग्युलेटर दोन टप्प्यांत दाब उतरविणारा असावा. सिलिंडर संपत आल्यावर एकदम अधिक वायु सुटण्याची भीति त्यानें बरीच कमी होते. पीएच पाहून वायूची झडप आपोआप उघडझाप करणारें उपकरण सोयीचें खरें. पण त्याचा कांटा नियमानें जुळवून घेतला नाहीं तर तेंच फसवितें. वायूच्या नळींत पाणी उलट जाऊं न देणारी झडप असलीच पाहिजे.

खडे टपोरे व स्वच्छ असावे. बारीक वाळूसारखे खडे घट्ट बसून पाण्याची वाट अडवितात. पीएच फार खालीं नेला तर चांगल्या खड्यांचाहि चिखल होतो. कांहीं खड्यांत फॉस्फेट असतें व तें टांकींत शेवाळ माजवितें, म्हणून खात्रीचा माल घ्यावा. दुसरें लहान नळकांडें जोडलेलें असल्यास उत्तम. पहिल्यांतून उरलेला वायु त्यांतील खडे विरघळविण्यांत खर्च होतो आणि टांकींत जाणारें पाणी कमी आंबट असतें. रिॲक्टरमुळें टांकीचा पीएच थोडा उतरतोच. त्यावर उपाय म्हणून रात्रीं थोडी निवळी ठिबकवीत राहण्याची चाल चांगली आहे. तसें केल्यास निवळीनें भरून येणारी अल्कता एकूण गरजेंतून वजा करावी.

शेवटीं एक गोष्ट कळकळीनें सांगावीशी वाटते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षां जड असतो व बंद खोलींत सांचला तर प्राणघातक ठरतो. सिलिंडर लहान मुलांच्या वा वृद्धांच्या निजावयाच्या खोलींत कधींहि ठेवूं नये. हवा खेळती असेल अशा ठिकाणीं तो उभा व भिंतीस साखळीनें बांधलेला असावा. आडवा ठेवल्यास द्रवरूप वायु रेग्युलेटरमध्यें शिरतो व अपघात होतो.

वहींतले आंकडे

यंत्र सुरूं करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि तिचा परिणाम पाहण्यास एक दोन दिवस द्यावे. दिवसास एक अंशाहून अधिक अल्कता चढूं देऊं नये. हे नियम सोपे आहेत. अवघड आहे तो धीर. या बाबतींत पुतण्याच्या घरीं जी व्यवस्था लागली ती आम्हांस विशेष आवडली. रोज सकाळीं नऊ वाजतां, देवपूजा आटोपल्यावर, वहिनी अल्कता मोजतात आणि वहींत लिहितात. रसायनशास्त्र त्यांनीं कधीं शिकलें नाहीं. पण पाकाची तार ओळखण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना थेंबाचा रंग पालटलेला ओळखणें काय कठीण? "आई असल्यापासून एक दिवस चुकलेला नाहीं," असें सूनबाई कौतुकानें सांगत होत्या. आम्ही असतांनाच एके दिवशीं आंकडा ८.१ वरून ७.६ वर आला. वहिनींनीं हांक मारली, पुतण्यानें पाहिलें, तों सिलिंडर संपत आलेला. त्याच दिवशीं तो बदलला गेला आणि अनर्थ टळला.

इकडील वाचकांनीं मात्र एक गोष्ट विसरूं नये. खडक बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मालवणच्या किंवा गोव्याच्या समुद्रांत बुडी मारणाऱ्या हौशी मंडळींनीं त्यांचा तुकडाहि उचलणें हा गंभीर गुन्हा होय. परदेशांतून येतांना असा तुकडा सामानांत आणणेंहि धोक्याचें आहे, कारण कठीण प्रवाळांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. छंद असावा, पण तो कायद्यानें मिळालेल्या कलमांवर वाढावा.

आणखी एक विचार आमच्या मनांत घोळत राहिला. नळकांड्यांत वायु सोडून पाणी आंबट केलें म्हणजे प्रवाळांचीं हाडें विरघळतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. गिरण्या, मोटारी व कोळसा यांचा जो धूर मनुष्यजात दोनशें वर्षें हवेंत सोडीत आहे, त्यांतील याच वायूचा मोठा भाग समुद्र शोषून घेत आहे, आणि त्यामुळें त्याच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारें ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. आंकडा लहान दिसतो; पण टांकींत ज्यानें हा हिशेब स्वतः ठेवला आहे त्याला तो लहान वाटत नाहीं. टांकीजवळ निदान एक वहिनी वही घेऊन बसलेल्या असतात.

परत निघतांना पुतण्यानें विचारलें, "काका, नवें मोठें यंत्र घेऊं का? झुडपें आणखी वाढतील." आम्हीं कांहीं बोलण्यापूर्वींच वहिनी म्हणाल्या, "आधीं माझी वही पाहा, मग ठरव." आमच्या वाचकांसहि याहून अधिक चांगला सल्ला आम्हांस देतां येत नाहीं.